शाळेतील गोळी आणि दुकानातील गोळी : किशोरवयीनांच्या कृमिचिकित्सेविषयी

किशोरवयीन मुलामुलींनी वैद्याला न दाखविता जंतांचे औषध घ्यावे काय, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. बहुतेक वैद्य त्याचे उत्तर एका वाक्यात देतील : घेऊ नये. परंतु हे उत्तर देताच एक अडचण उभी राहते. राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे १० फेब्रुवारीस व जेथे दुसरी फेरी असते तेथे १० ऑगस्टच्या सुमारास, याच वयाच्या मुलांना शाळाशाळांतून ॲल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिली जाते. देणारे शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात. नाडी, जिव्हा, उदर पाहणारा तेथे कोणी नसतो. मग तीच गोळी मुलाने दुकानातून विकत घेतली तर बिघडले कुठे, असे पालक विचारतात, आणि काउंटरमागे उभ्या असलेल्या आपल्या औषधविक्रेत्या बंधूंजवळ त्याचे समाधानकारक उत्तर नसते. वैद्यांपैकी काही जण मग उलट्या टोकाला जाऊन शाळेतील गोळीचीच निंदा करतात. या दोन्ही गोष्टी टाळावयाच्या असतील तर शाळेत मिळणारी गोळी आणि दुकानात मागितली जाणारी गोळी यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे.

भूमीतून संक्रमित होणारे आंत्रकृमी मुख्यतः तीन प्रकारचे. ॲस्कॅरिस हा गांडुळासारखा गोल जंत, ट्रायच्युरिस हा चाबकाच्या आकाराचा, आणि अँकिलोस्टोमा व नेकेटर हे आंत्रभित्तीला चिकटून रक्त शोषणारे अंकुशकृमी. गोल जंताची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ज्या वस्तीत मल मातीत मिसळतो, तेथे ही अंडी भाजीपाला, पाणी, नखे यांच्या वाटे पुन्हा पोटात जातात. अंकुशकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या त्वचेतूनच शिरतात. अशा वस्तीतील प्रत्येक मुलाच्या मलाची तपासणी करावयाची म्हटले तर तिचा खर्च गोळीच्या किमतीच्या कित्येक पट होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने सूत्र ठरविले, की जेथे वीस टक्के वा त्याहून अधिक मुलांत हे कृमी आढळतात तेथे वर्षातून एकदा, व पन्नास टक्क्यांहून अधिक मुलांत आढळतात तेथे दोनदा, सर्वांनाच औषध द्यावे. आपल्याकडे २०१५ साली सुरू झालेल्या जंतनाशक दिनाचा पाया हाच आहे आणि वय १ ते १९ अशी त्याची व्याप्ती आहे. येथे निदान वस्तीचे झालेले असते. मुलाला काही तक्रार आहे म्हणून गोळी दिली जात नाही. उलट, जे मूल त्या दिवशी आजारी आहे किंवा ज्याला दुसरे औषध चालू आहे त्याला ती देऊ नये, अशी कार्यक्रमाची सूचना आहे. गोळी शिक्षकांसमोर चावून खावयाची असते. घरी नेण्यासाठी हातात दिली जात नाही.

या उपक्रमाचा लाभ किती, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख बालकांत केलेल्या ‘देवता’ नावाच्या अभ्यासात, जो २०१३ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला, सहामाही ॲल्बेंडाझोलने बालमृत्यूंत वा वजनात लक्षणीय फरक दिसला नव्हता. ती बालके शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाची होती, त्यामुळे त्यावरून किशोरवयीनांविषयी निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. प्रस्तुत लेखकाचे मत असे, की निरोगी मुलाला वर्षातून एकदोन वेळा दिलेल्या या एका मात्रेत अपाय अत्यल्प आहे, आणि ज्यांच्या पोटात कृमींचा भार मोठा आहे अशा मुलांना लाभ निश्चित आहे. वैद्यांनी या दिवसाला विरोध करण्याचे कारण नाही. ज्याची गोळी त्या दिवशी चुकली त्याला नंतरच्या पूरक दिवशी शाळेतच ती मिळते, हेही पालकांना सांगावे.

आता दुकानातील गोळीकडे वळू. येथे येणारा पंधरा वर्षांचा मुलगा काहीतरी होत आहे म्हणून आलेला असतो. पोट दुखते, भूक लागत नाही, फार लागते, दात खातो, तोंडावर पांढरे डाग पडले आहेत, अंग धरत नाही; आजीने किंवा मित्राने सांगितले, जंत झाले असतील. म्हणजे निदान झालेले आहे, ते आजीने केले आहे, आणि विक्रेत्याकडे फक्त औषधाची मागणी आहे. शाळेतील मुलाला तक्रार नव्हती आणि दुकानातील मुलाला ती आहे, हाच दोहोंमधील सर्व भेदाचा उगम होय.

चरकाचार्यांनी कृमींचा सविस्तर विचार विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात केला आहे, हे आपण सर्व जाणतो. वीस प्रकारचे कृमी, त्यांतील पुरीषज, श्लेष्मज, शोणितज व मलज हे भेद, अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन ही त्रिविध चिकित्सा, हे सर्व विद्यार्थिदशेत पाठ केलेले असते. परंतु या अध्यायाचे नाव ‘व्याधितरूपीय’ आहे आणि त्याचा आरंभ कृमींपासून होत नाही, याकडे लक्ष क्वचितच जाते. आरंभी दोन रुग्णांचे वर्णन आहे. एकाचा व्याधी गंभीर असतो, पण सत्त्व, बल व शरीर उत्तम असल्यामुळे तो किरकोळ आजारी भासतो. दुसऱ्याचा व्याधी अल्प असतो, पण सत्त्वबल हीन असल्यामुळे तो फार आजारी दिसतो. केवळ रूप पाहून ठरविणारा वैद्य पहिल्याला मृदू शोधन देऊन दोष वाढवितो व दुसऱ्याला तीक्ष्ण शोधन देऊन त्याचे शरीर क्षीण करतो. त्यानंतर अग्निवेश कृमींविषयी प्रश्न विचारतो. ही जोडणी सहेतुक आहे की नाही हे पंडितांनी ठरवावे. व्यवहारात मात्र ती अचूक लागू पडते, कारण जंतांच्या नावाखाली गंभीर व्याधी जितके लपतात तितके दुसऱ्या कोणत्याही घरगुती निदानाखाली लपत नसतील. आणि किशोरवय हे उत्तम बलाचे वय असल्यामुळे पहिल्या प्रकारचा रुग्ण याच वयात अधिक भेटतो.

‘खातो भरपूर, पण अंगाला लागत नाही’ हे वाक्य घ्या. घराघरांत त्याचा अर्थ एकच : पोटातले जंत खातात. परंतु बालपणी वा किशोरवयात अकस्मात उद्भवणाऱ्या, इन्सुलिनअभावी होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे वर्णनही नेमके हेच आहे. भूक वाढलेली, वजन महिन्याभरात चार-पाच किलो उतरलेले, तहान फार, रात्री लघवीला उठणे. आपण त्याला भस्मक म्हणून तिक्तरसात्मक औषधांचा विचार करू लागतो, तोवर मुलगा किटोॲसिडोसिसमध्ये जातो. आणि त्या अवस्थेचे लक्षणही पोटदुखी व उलट्या हेच असल्यामुळे जंतांचा संशय अधिकच बळावतो. तहान व मूत्रप्रवृत्ती यांविषयी दोन प्रश्न विचारले आणि रक्तशर्करा पाहिली तर हा अनर्थ टळतो. दुकानातून जंतांची बाटली घेऊन गेलेल्या मुलाला हे दोन प्रश्न कोणीच विचारलेले नसतात.

पांडुतेचेही असेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के आणि मुलांपैकी ३१.१ टक्के पांडुग्रस्त आढळले. त्यात कृमींचा वाटा आहेच. एक नेकेटर दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त घेतो, अँकिलोस्टोमा त्याच्या पाचसहा पट. शंभर नेकेटर पोटात असतील तर महिन्याला ९० मिलिलिटर रक्त गेले. सर्वसाधारण मासिक स्रावात ३० ते ४० मिलिलिटर जाते, हे लक्षात घेतले म्हणजे या संख्येचा अर्थ कळतो. पण मुलगा-मुलगी यांच्या टक्केवारीतील जवळजवळ दुपटीचा फरक कृमींनी पडत नाही. तो रजःस्रावाने व मुलींच्या ताटातील उणिवेने पडतो. नव्याने ऋतुप्राप्त झालेल्या मुलीला आठ-दहा दिवस स्राव होत असेल तर जंतांच्या औषधाने पांडुता कशी जाणार? विदर्भात किंवा नंदुरबारकडे व्यवसाय करणाऱ्या वैद्यांनी सिकलसेलचा विचार सोडता कामा नये. तेथे सांधे व पोट दुखणाऱ्या फिकट मुलाला कृमिघ्न देत राहणे म्हणजे काळ दवडणे होय. चरकांनी पांडुचिकित्सेत मृद्भक्षणजन्य पांडू सांगताना कोष्ठात कृमी होण्याचा उल्लेख केला आहे. म्हणून फिकट मुलीला एकांतात विचारावे, की पाटीवरची पेन्सिल, खडू, माती, कच्चे तांदूळ खातेस का? मुली लाजतात, आईसमोर कबूल करीत नाहीत. होकार मिळाला तर लोहाची न्यूनता व कृमी दोहोंचा शोध घ्यावयास हवा.

पोटदुखी उजव्या कुशीत खाली उतरलेली असेल, सोबत ज्वर व उलटी असेल, तर कोणतेही कृमिघ्न, विशेषतः विरेचक, देऊ नये. आंत्रपुच्छाचा शोथ असल्यास विरेचनाने तो फुटण्याचे भय असते. गालावरचे फिकट डाग बहुधा त्वचेच्या रूक्षतेचे असतात, त्यांचा जंतांशी संबंध नाही. झोपेत दात खाण्याचाही नाही. या दोन समजुती आपल्याच दवाखान्यांतून पोसल्या गेल्या आहेत, हे नमूद केले पाहिजे.

ज्यांच्या संदर्भात एक साधी गोळीही धोक्याची ठरू शकते असा एक वर्ग आहे, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. डुकराच्या मांसातील फीतकृमीची अंडी दूषित पाण्यातून वा न धुतलेल्या कोथिंबीर-मुळ्यातून पोटात गेली, तर त्यांच्या अळ्या रक्तावाटे मेंदूत जाऊन तेथे पुटी करून राहतात. पूर्ण शाकाहारी कुटुंबातील मुलालाही हे होऊ शकते. आपल्या देशात अपस्माराच्या झटक्यांचे हे एक प्रमुख कारण आहे. अशा मुलाने ॲल्बेंडाझोल घेतले आणि मेंदूतील अळी मरू लागली, की तिच्याभोवती शोथ येतो व झटके, तीव्र शिरःशूल उद्भवू शकतात. म्हणूनच या रोगाची चिकित्सा तज्ज्ञ, शोथ आवरणारी औषधे जोडीला देऊन, देखरेखीखाली करतात. ज्या मुलाला पूर्वी कधी फिट आली आहे किंवा वारंवार डोके दुखून उलटी होते, त्याला दुकानातून जंतांची गोळी देऊ नये. शिवाय फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारखी फिटची औषधे चालू असतील तर ॲल्बेंडाझोलचे रक्तातील कार्य मंदावते, ही दुसरी बाब. ॲल्बेंडाझोल शेड्यूल एच या यादीतील औषध आहे. नियमाने ते चिठ्ठीवाचून विकावयाचे नाही. हा नियम किती पाळला जातो हे सर्वांना ठाऊक आहे.

इथवर वाचून काही वैद्यबंधू म्हणतील, की हे दोष आधुनिक औषधाचे. आपली कृमिघ्ने वनस्पतिजन्य व निरुपद्रवी आहेत, ती मुलाने स्वतः घेतली तर काय बिघडते? या म्हणण्याचा प्रतिवाद केल्यावाचून हा लेख अपुरा राहील. कृमिमुद्गर रसात पारद, गंधक, अजमोदा, विडंग व पलाशबीज यांबरोबर कुचला आहे. कृमिकुठार रसाच्या प्रचलित पाठात हिंगुळ व बचनाग येतात. पारद, हिंगुळ, वत्सनाभ, विषमुष्टी ही सर्व द्रव्ये औषध नियमावलीच्या शेड्यूल ई (१) मध्ये विषारी द्रव्ये म्हणून नोंदलेली आहेत, आणि ती ज्या कल्पात आहेत त्याच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना इंग्रजीत व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. आपल्यापैकी किती दुकानांत ती सूचना ग्राहकाला वाचून दाखविली जाते? आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीला परवाना लागतो, विक्रीला तसा लागत नाही. कायद्याने मोकळी सोडलेली ही जागा विक्रेत्याच्या विवेकानेच भरावी लागते. कुचल्यातील स्ट्रिक्नीनची क्रिया सुषुम्नेवर होते व अधिक मात्रेत आक्षेप येतात. ज्याला फिट येते त्याला हे देणे कोणत्याही तर्कात बसत नाही. तेरा वर्षांचा मुलगा तीस किलोचा असतो आणि साठ किलोचाही असतो. ‘मोठ्यांना दोन, लहानांना एक’ हा हिशेब रसकल्पांत चालत नाही.

साध्या काष्ठौषधींतही सावधपणा हवाच. किरमाणी ओवा आणि खुरासनी ओवा ही नावे सारखी असल्याने गांधी दुकानांत घोटाळा होतो. पहिला आर्टेमिसिया वर्गातील असून त्यातील सँटोनिन एकेकाळी जगभर जंतांवर वापरले जाई. मात्रा वाढल्यास सर्व पदार्थ पिवळे दिसू लागतात, आक्षेपही येतात, म्हणून ते मागे पडले. दुसरा हायोसायमस, तो धोतऱ्याच्या कुळातला, मद व भ्रम आणणारा, आणि पारसीक यवानी या नावाने त्याच विषारी द्रव्यांच्या यादीत असलेला. एकाच्या जागी दुसरा गेला तर काय होईल हे सांगणे न लगे. कपिल्यात विटेची भुकटी मिसळलेली असते. चिमूटभर पाण्यावर टाकून पाहिल्यास खरा कपिला तरंगतो व भुकटी तळाला बसते. वावडिंग म्हणून बाजारात जे मिळते त्यात एम्बेलिया राइब्सऐवजी त्याच्या दुसऱ्या जातीची फळे मोठ्या प्रमाणात असतात, हे फार्मसीमालकांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

वावडिंगाबाबत आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण ती लिहिलीच पाहिजे. भावप्रकाशात पिंपळी व टंकण यांसह विडंगाचा गर्भनिरोधक योग आला आहे, आणि त्यातील एम्बेलिनचे प्रजननविरोधी परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहेत. ॲल्बेंडाझोलही गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांत वर्ज्य आहे. वर उल्लेखिलेल्या त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. तेव्हा सतरा वर्षांची मुलगी मळमळ व अरुची सांगत जंतांचे औषध मागू लागली, तर शेवटच्या पाळीची तारीख विचारल्याशिवाय तिला काहीही देऊ नये. ही विचारणा काउंटरवर चारचौघांत होऊ शकत नाही. ती वैद्याच्या खोलीतच व्हावयास हवी, आणि या वयात वैद्याला दाखविण्याचा आग्रह धरण्याचे हे एकच कारण पुरेसे आहे.

चरकोक्त अपकर्षणाचा विधी पाहिला तरी हेच दिसते. स्नेहन-स्वेदन करून, आदल्या सायंकाळी दूध, गूळ, दही, तीळ, मासे अशा आहाराने कृमी कोष्ठात आणून, दुसऱ्या दिवशी आस्थापन, वमन, विरेचन, व त्यानंतर विडंगतैलाचे अनुवासन. यातील एकही पायरी मुलगा घरी एकटा करू शकत नाही. बाटलीतले सरबत पिऊन जुलाब झाले म्हणजे कृमिचिकित्सा झाली, ही समजूत जाहिरातींनी रूढ केली आहे.

मग विक्रेत्याने करावे काय? ग्राहकाला नुसते परत पाठविणे व्यवहार्य नाही. तो पुढच्या दुकानातून घेईल. मुलगा धडधाकट असेल, काही तक्रार नसेल, शाळेतील गोळी चुकल्यामुळे आला असेल, तर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. तेथे ती गोळी विनामूल्य मिळते. काही तक्रार सांगत असेल तर पूर्वी फिट आली होती का, तहान-लघवी वाढली आहे का, वजन घटले आहे का, ताप आहे का, दुसरे काही औषध चालू आहे का, एवढे विचारावे, आणि एकाही प्रश्नाला होकार आला तर औषध न देता वैद्याकडे पाठवावे. सर्व उत्तरे नकारार्थी आली तरी रसकल्प चिठ्ठीवाचून देऊच नये. आहारात चिमूटभर वावडिंग, शेवग्याची भाजी, ताकात ओवा हे सुचविण्यास मुलांच्या बाबतीत हरकत नाही. विक्रेत्याने आपल्या परिसरातील एखाद्या वैद्याशी असा संबंध ठेवावा, की त्याने पाठविलेले मूल त्याच दिवशी पाहिले जाईल. वैद्यानेही अशा मुलाकडून पूर्ण शुल्काचा आग्रह धरू नये. अन्यथा विक्रेता दुसऱ्या वेळी पाठवणार नाही.

वैद्याने तरी प्रत्येक वेळी मलपरीक्षा करून घ्यावी. ती स्वस्त आहे, आणि तिच्यामुळे औषध बदलते. ॲल्बेंडाझोलच्या एका मात्रेने गोल जंत सुमारे ९५ टक्के रुग्णांत जातात, अंकुशकृमी ८० टक्क्यांच्या आसपास, तर ट्रायच्युरिस जेमतेम ३० टक्के रुग्णांत. फीतकृमीच्या बाबतीत त्या एका गोळीवर विसंबता येत नाही. गुदकंडूची तक्रार असेल तर मात्र मलपरीक्षेत काही सापडेलच असे नाही, कारण सूतकृमीची मादी रात्री बाहेर येऊन गुदाभोवती अंडी घालते. सकाळी शौचापूर्वी चिकटपट्टी लावून ती काचेवर घेऊन पाहावी लागते. या कृमीत औषध दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावे लागते आणि घरातील सर्वांना एकाच वेळी द्यावे लागते. एकट्या मुलाने गुपचूप गोळी घेतली तर धाकट्या भावाच्या नखांतून तो महिन्याभरात पुन्हा बाधित होतो. किशोरवयीन मुले ही तक्रार लाजेने लपवितात व म्हणूनच ती स्वतः औषध घेऊ पाहतात. तेव्हा आईला बोलावून घरातील चादरी-अंतर्वस्त्रे उन्हात वाळविणे, नखे कापणे, सकाळी उठताच स्नान करणे हे तिला सांगावे, आणि दुसऱ्या मात्रेची तारीख पहिल्या दिवशीच चिठ्ठीवर लिहून द्यावी.